कोण आलं न्याले?

शेवटच्या साध्या शनिवारी जाईबाईंनी आपल्या लेकीला दोन कामं सांगितली होती. एक, मेथी निवड. दुसरं, पायलच्या कंपनीसाठी ते नियमांचे कागद लिहून दे. माधवीने मेथी निवडली.

तो शनिवार इतर कुठल्याही शनिवारसारखाच होता. माधवी अकोल्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल. शनिवारी दुपारच्या गाडीने बडनेऱ्याला उतरायचं आणि तिथून ऑटोने अमरावतीला आईकडे यायचं, हा तिचा शिरस्ता. आईकडे म्हणजे पाळणाघरात. पुढच्या दोन खोल्या आणि अंगण पोरांचं. जाईबाईंच्या वाट्याला स्वयंपाकघर आणि एक पलंग, आणि त्या पलंगावरही बहुधा कोणाचं तरी पोर झोपलेलं असायचं. माधवीची लहानपणापासूनची सगळी पुस्तकं जिन्यावर बसून वाचून झाली ती याच कारणाने.

या पाळणाघराला एकच नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. संध्याकाळी फाटकाशी कोणी आलं की जाईबाई आतल्या कडीवर हात ठेवायच्या आणि पोराला विचारायच्या, "कोण आलं रे तुले न्याले?" पोराने नीट पाहायचं आणि सांगायचं, "माहे बाबा." मगच कडी निघायची. एकदा एका पोराने सकाळी न घेऊन दिलेल्या फुग्याचा राग धरून बापाला ओळखायलाच नकार दिला होता. बाप मोठा अधिकारी, त्याच्या सहीला तालुक्यात वजन. तो फाटकाबाहेर उभा राहून फुगा कबूल करेपर्यंत जाईबाईंनी कडीवरचा हात हलवला नाही. "पोट्टं सांगन तोच माणूस," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून तो अधिकारी खिशात फुगे बाळगू लागला.

मेथी निवडून झाल्यावर माधवी म्हणाली, "नियम पुढच्या शनिवारी लिहिते, आई. नीट बसून."

"लिहिजो मंग," जाईबाई म्हणाल्या. त्यांच्या कडेवर पिंटू होता आणि त्याच्या नाकाला त्यांचा पदर होता. "तुले चांगलं लिहिता येते. मले नुस्तं बोलता येते."

मंगळवारी पहाटे जाईबाई झोपेतच गेल्या.

माधवी मात्र 'आई गेली' असं म्हणत नसे. ती फोनवर सांगे, "आईंचं निधन झालं." महाविद्यालयाच्या रजेच्या अर्जात तिने "मातृवियोग" लिहिलं. भेटायला येणाऱ्यांना ती म्हणे, "आई आता आपल्यात नाहीत." सगळी वाक्यं शुद्ध होती आणि त्यांतल्या एकानेही तिचा आवाज हलला नाही. नातलग आपसात म्हणाले, पोरगी लय खंबीर हाय.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पोरांचे आईबाप झाडून आले. वंदना झाली, जाईबाईंच्या आठवणी झाल्या, डोळे पुसून झाले. आणि मग प्रत्येकजण माधवीला बाजूला घेऊन हळूच विचारू लागला, "सोमवारपासून सुरू राह्यन नं?" विचारताना त्यांना लाज वाटत होती, पण त्यांना सोमवारी नोकरी होती. पोरांना काय सांगायचं हेही तिथेच परस्पर ठरून गेलं. जाईआजी गावाला गेल्या. हे पहिल्यांदा कोणी म्हटलं ते कोणालाच आठवत नाही, पण सगळ्यांना ते एकदम पटलं.

पायल सगळ्यांत शेवटी आली. ही पिंटूची आई, बडनेरा रस्त्यावरच्या एका कंपनीत हिशेब विभागात. "ताई, ही वेळ नाही," ती म्हणाली आणि मग वेळ नसलेली सगळी गोष्ट तिने सांगितली. कंपनी आपल्याकडच्या बायांच्या पोरांसाठी एक पाळणाघर ठरवणार होती. जाईआजींचं ठरलं असतं तर अर्धं अंगण त्या पोरांनीच भरलं असतं. पण कंपनीला धोरणं हवीत. कर्मचारी कसे नेमता, त्यांची पडताळणी, रजा, मूल कोणाच्या ताब्यात देता, सगळं लेखी. नाहीतर बायपासवर इंग्रजी नावाचं एक नवीन झालं आहे, तिथे सगळ्यांना जावं लागेल. "महिन्याच्या शेवटापर्यंत मुदत आहे."

माधवीची रजाही महिन्याच्या शेवटापर्यंतच होती. तिने मनाशी ठरवलं. असे चोख नियम लिहायचे, की ती अकोल्याला परतल्यावर हे पाळणाघर मैनाबाईंच्या हाताखाली नुसत्या नियमांवर चालेल. ग्रंथालय नाही का चालत? पुस्तक कोण नेतं त्याची नोंद, परत कधी आणायचं ती तारीख, उशीर झाला तर दंड. पुस्तकं मध्येच उठून "मले शू आली" म्हणत नाहीत, एवढा एक फरक त्या घटकेला तिच्या ध्यानात आला नाही.

मदतीला शेजारचे भगवंतराव धावून आले. भगवंतराव हे पायलचे सासरे, म्हणजे पिंटूचे सख्खे आजोबा, आणि कामगारांच्या कार्यालयातून निवृत्त झालेले वरिष्ठ लिपिक. नातू शेजारीच असताना पाळणाघरात का, असं कोणी विचारलं की ते सांगत, "घरी शिस्त नाही." निवृत्तीनंतर त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी कायदा विचारत होतं. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, छातीशी फाइल धरून आले.

"माधवी बेटा, पहिला प्रश्न. ही आस्थापना नोंदलेली आहे का?"

"कुठली आस्थापना, काका?"

"ही." त्यांनी अंगणाकडे हात केला. आस्थापनेत त्या वेळी एक पोर दुसऱ्याच्या चपला नळाखाली धूत होतं.

नोंदणीसाठी ते दोघं एका कार्यालयात गेले. नाव घेण्यात अर्थ नाही, ते कुठल्याही गावात सापडेल. तिथल्या बाबूने संगणकात पाहिलं आणि सांगितलं, "पाळणाघर नाही येत यात. खानावळ हाय, वसतिगृह हाय, गोदाम हाय."

"आम्ही मुलं सांभाळतो," माधवी म्हणाली.

"हाव, पण रात्री परत देता नं? मंग वसतिगृह नाही होत." बाबू सहृदय होता, त्याने खरोखर विचार केला. "गोदामात टाकून पाहू का? माल येते, राह्यते, जाते." त्याने टाकून पाहिलं. संगणकाने मालाचं स्वरूप विचारलं, टिकाऊ की नाशवंत. माधवीने अर्ज परत घेतला आणि जिन्यावरून उतरताना एवढंच म्हणाली, "काका, आधी नियम लिहू या." तिचा अपमान झाला होता, पण नेमका कोणी केला हे तिला सांगता येईना.

नियम मात्र देखणे उतरले. अर्धे माधवीच्या भाषेत, अर्धे भगवंतरावांच्या. दूरच्या कुठल्याशा मोठ्या शाळेची नियमावली त्यांच्या फाइलमध्ये होती, तिच्यातलीही काही कलमं त्यांनी जशीच्या तशी घेतली. "वजन येतं," ते म्हणाले. कर्मचाऱ्यास साप्ताहिक सुट्टी. दुपारी विश्रांतीची वेळ. बालकाशी अनावश्यक शारीरिक जवळीक टाळावी. बालकाशी नेहमी सत्य बोलावे. तक्रार निवारण समिती, बाहेरचे सदस्य श्री. भगवंतराव. कलम बारा: ओळखपत्र दाखविल्याशिवाय बालक कोणाही व्यक्तीच्या ताब्यात देऊ नये, मग ती व्यक्ती कितीही परिचित असो. "कितीही परिचित" हे भगवंतरावांचं. ते शब्द त्यांनी दोनदा वाचून घेतले होते. कलम चौदा: विहित वेळेत अधिकृत व्यक्ती न आल्यास बालकास निकटच्या पोलीस ठाण्यात सुपूर्द करावे.

हे सगळं भिंतीवर चिकटवून माधवीने मैनाबाईंना बोलावलं. मैनाबाई जाईबाईंच्या पहिल्या दिवसापासूनच्या. माधवीला त्यांनी आंघोळ घातलेली. माधवीने पाकीट पुढे केलं.

"मैनामावशी, हे तुमचं नियुक्तीपत्र."

मैनाबाईंनी हात मागे घेतले. "कायचं पत्र?"

"नोकरीचं. प्रमुख संगोपिका म्हणून."

"म्हंजे काढलं मले."

"अहो, नेमलं!"

"मले नको सांगू. माह्या घरच्याले जिनिंगमधी इतकी वर्सं कोणी कागद देल्ला नाही. ज्या दिवशी देल्ला त्या दिवशी जिनिंग बंद. कागद देतात तेच मुळी काढासाठी." त्यांचे डोळे भरले. "बाई होती तवा नुस्तं म्हणे, मैना, उद्या लवकर येजो. हे झालं माह्यं पत्र."

माधवीने समजावलं. भगवंतरावांनीही समजावलं, आणि त्याने जास्त बिघडलं, कारण समजावताना ते पडताळणीपर्यंत पोचले. "आणि पोलिसांकडून तुमचं चारित्र्य पडताळून घ्यावं लागेल, मैनाबाई."

अंगणातली सगळी पोरं वळून पाहू लागली. चपला धुणाऱ्या पोरानेसुद्धा नळ बंद केला.

"माह्यं काय?"

"चारित्र्य."

"भगवंतराव," मैनाबाई म्हणाल्या, "तुमच्या पोराची अन् नातवाची, दोघायची ढुंगणं धुतली म्या. तवा नाही पुसलं चारित्र्य?" त्यांनी पदर खोचला. "मले याची तक्रार करायची हाय. कोणाकडे करू?"

भगवंतरावांनी भिंतीकडे पाहिलं. समितीत बाहेरचे सदस्य तेच होते.

मैनाबाई सोडून गेल्या नाहीत, त्यांनी त्याहून वाईट केलं. त्या नियम पाळू लागल्या. रोज सकाळी पिंटूला सोडायला आलेल्या पायलकडून त्या अख्खा कागद वाचून घेत आणि दिवसभर तो जसाच्या तसा अमलात आणत. दुपारी पोरांनी एकमेकांच्या डोक्यात खीर ओतली तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. "माही विश्रांती चालू हाय." एखाद्या पोराचं नाक वाहू लागलं की त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारत, "माधवी, नाक पुसनं आवश्यक जवळीक हाय का अनावश्यक?" आणि उत्तर येईपर्यंत ते नाक त्यांच्यासोबत दारात वाहत उभं राही. कडीशी आता कोणी काही विचारत नव्हतं. पालक कार्ड दाखवत, मैनाबाई फोटो आणि तोंड ताडून पाहत, "लय वाळले," असा शेरा मारत आणि पोर देऊन टाकत. पोरं फाटकाशी येऊन वाट पाहायची की आपल्याला कोणी विचारेल. मग तशीच जायची.

पिंटू मात्र रोज विचारत होता, "जाईआजी कधी येते?"

"गावाले गेली," मैनाबाई सांगत आणि मग माधवीकडे वळून म्हणत, "नेहमी सत्य बोलावं, ते कोणतं कलम हाय वं?" माधवी तेव्हा काहीतरी शोधायला आत जाई.

शुक्रवारी संध्याकाळी पायलला कंपनीत थांबावं लागलं. तिने सासऱ्यांना फोन केला, पिंटूला घेऊन या. भगवंतरावांच्या सौभाग्यवती मोझरीला गेल्या होत्या. ते बनियन आणि पायजम्यावर, दार ओढून घेऊन शेजारी आले. ओढल्यावर आपोआप बंद होणारं नवीन कुलूप त्यांनी त्याच आठवड्यात, सुरक्षिततेसाठी, बसवलं होतं. किल्ली आत राहिली. माधवी त्या वेळी नियमांच्या प्रती काढायला चौकात गेली होती आणि झेरॉक्सच्या दुकानात लाइट गेली होती.

"या पिंटूशेठ," भगवंतराव फाटकाबाहेरून म्हणाले.

"कार्ड," मैनाबाई आतून म्हणाल्या.

"मैनाबाई, मी भगवंतराव."

"असान. कलम बारा. कितीही परिचित असो."

"ते कलम मीच लिहिलं आहे!"

"मंग तुमाले तं पाठ पाह्यजे."

भगवंतराव हसले. मग रागावले. मग घराकडे गेले आणि कुलूप पाहून परत आले. कार्ड घरात, किल्ली घरात, एक किल्ली मोझरीत, एक पायलच्या पर्समध्ये आणि पायलचा फोन लागेना. पिंटू आत पायरीवर बसून आजोबांकडे टक लावून पाहत होता. कोणी विचारलं असतं तर त्याने एका क्षणात सांगितलं असतं. पण विचारायचं कलम नव्हतं.

बाकीची पोरं केव्हाच गेली होती. वेळ झाली तशी मैनाबाईंनी पिंटूचे केस विंचरले, त्याला पाण्याची बाटली दिली, फाटकाला कुलूप घातलं आणि ऑटोला हात केला.

"कुठं नेता त्याला?" भगवंतराव ओरडले.

"कलम चौदा. ठाण्यात."

"अहो, मीही येतो!"

मैनाबाईंनी विचार केला. ऑटोत बसायची बंदी कुठल्याच कलमात नव्हती. "या. पण समोर बसा, डायवरपाशी. पोरापासून लंब."

अशा रीतीने एक निवृत्त वरिष्ठ लिपिक बनियनवर, ड्रायव्हरच्या अर्ध्या सीटवर तोल सांभाळत, स्वतःच्या नातवाला पोलिसांत देण्यासाठी निघाले. चौकातल्या पानवाल्याने त्यांना रामराम केला. त्यांनी केला नाही, हात सोडता येत नव्हता.

माधवी परतली तर फाटकाला कुलूप. समोरच्या किराणावाल्याने तिला थोडक्यात सांगितलं, "मैनाबाई अन् भगवंतरावले पोलीस घेऊन गेले वाट्टे. पिंटूपन हाय त्यायच्यात." माधवी हातात प्रतींचा गठ्ठा घेऊन धावत सुटली. ती शाळेनंतर कधी धावली नव्हती.

ठाण्यात चंदा नावाची हवालदार बाई होती. तिने मैनाबाईंचं म्हणणं ऐकलं. भगवंतरावांचं म्हणणं ऐकलं. दोघंही एकच सांगत होते आणि दोघंही भांडत होते. तेवढ्यात माधवी आली, केस सुटलेली, आणि तिच्या मागोमाग पायल, जिला किराणावाल्याने गोष्ट आणखी वाढवून सांगितली होती.

"यासाठी मागितले होते मी नियम?" पायल कडाडली. "माझा पोरगा ठाण्यात! उद्यापासून बायपासवरच टाकते त्याला. सगळ्या जणींना तेच सांगते."

माधवीच्या हातातला गठ्ठा खाली आला. एवढं मेहनतीने लिहिलेलं काम दोन वाक्यांत संपलं होतं आणि तिला त्यात एकही चूक दाखवता येत नव्हती.

"थांबा हो," चंदा म्हणाली. "जाईआजीचं पाळणाघर नं हे? फाटकाची कडी वर हाय ते? मी होती तिथं, लहान असतांनी." तिने खुर्ची सरकवली, पिंटूसमोर उकिडवी बसली आणि विचार न करता, जुन्या सवयीने विचारलं, "कोण आलं रे तुले न्याले?"

पिंटू ताडकन उभा राहिला. कितीतरी दिवसांनी त्याला कोणी विचारत होतं. त्याने भगवंतरावांकडे पाहिलं, पायलकडे पाहिलं, मैनाबाईंकडे, माधवीकडे, आणि दारातून डोकावणाऱ्या ऑटोवाल्याकडे, ज्याचं भाडं राहिलं होतं.

"सगळेच आले!" तो म्हणाला.

चंदा हसली. मैनाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलतच होते. पायलने पिंटूला उचललं आणि तिचा राग त्याच्या मानेत शिरला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ताई, ते चौदावं कलम फाडा. अन् हे लिहा, चंदाताईंनी विचारलं ते. कंपनीला मी समजावते."

"नोंद तं करा लागन," चंदा म्हणाली. "पोरगं आणलं कोणी? नाव?"

"मैनाबाई."

"हुद्दा?"

मैनाबाई थबकल्या. त्यांनी माधवीकडे पाहिलं. "काय लिहिलं होतं वं त्या पत्रात? प्रमुख..."

"संगोपिका."

"हां. ते लिहा." आणि मग खालच्या आवाजात, "देजो मंग ते पाकीट. पण सोमवारी कामावर येजो म्हन पहिले."

"सोमवारी लवकर या, मावशी," माधवी म्हणाली.

भगवंतरावांनी खाकरून पिंटूला खांद्यावर घेतलं. दारापर्यंत गेले आणि पिंटूने त्यांचे कान धरून त्यांना थांबवलं.

"जाईआजी नाही आली."

"आजी गावाला गेली, बेटा," भगवंतराव म्हणाले.

"कोन्त्या गावाले?"

"परतवाड्याले," भगवंतराव म्हणाले. त्याच क्षणी मैनाबाई म्हणाल्या, "अकोल्याले."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चंदाने मान खाली घालून नोंदवही उघडली, जरी तिची नोंद संपली होती. पिंटूला ही माणसं कामाची नाहीत हे कळलं असावं. त्याने खांद्यावरूनच मान वळवली आणि माधवीला विचारलं, अगदी कडीवर हात ठेवल्यासारखं, जाईबाईंच्याच आवाजात.

"मावशी, तुले कोण आलं न्याले? तुही आई काहून नाही आली?"

माधवीकडे वाक्यं पुष्कळ होती. सगळी शुद्ध, सगळी वापरून झालेली. तिने त्यांतलं एक घ्यायला तोंड उघडलं, आणि जिन्यावर पुस्तक घेऊन बसल्यापासून तिने बाजूला ठेवलेली, आईची भाषा तोंडात आली.

"माही आई मेली रे, पिंटू," ती म्हणाली. "माही आई मेली."